पुसायचं, उघडायचं नाही

लायब्ररीच्या सेक्रेटरीसाहेबांनी माझं मनगट धरलं आणि अंगठा शिक्क्याच्या गादीवर दाबला. जांभळी शाई नखात शिरली. टेबलावर माफीनामा होता. ग्रंथपाल दुबेजींनी घाईघाईत हिंदीत लिहिलेला. नावाच्या जागी नुसतं ‘सफाई कर्मचारी’.

“लाव इथे,” साहेब म्हणाले. “आणि मोकळी हो. नाही लावलास तर उद्यापासून इथे पाऊल टाकायचं नाही.”

हॉलमध्ये तीसेक माणसं. टाउनशिपच्या शाळेचे हेडमास्तर, चार-पाच मास्तर-मास्तरणी, लायब्ररी कमिटीचे मेंबर, त्यांच्या बायका. सगळे बघत होते. मी चहाचा ट्रे ठेवून तिथेच उभी होते. पदर खांद्यावरून घसरला होता आणि एक हात साहेबांच्या हातात. पदर सावरता येत नव्हता. मला सगळ्यात जास्त ते आठवतं.

त्या लायब्ररीत मी नऊ वर्षं काम केलं. मला लिहिता-वाचता येतं का, हे नऊ वर्षांत एकानेही विचारलं नव्हतं. माझी चौथी झालेली आहे. खानदेशात, बोरदऱ्याच्या शाळेत. वर्गात बसू देत नव्हते, पडवीत बसायची. पण पडवीतूनही फळा दिसतो.

माझा नवरा भोपाळला कारखान्यात हेल्पर होता. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा कारखान्याची टाउनशिप नवी होती. सगळे रस्ते सरळ, सगळी घरं एकसारखी, भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं. मला आवडली. म्हटलं, इथे गाव नाही म्हणजे गावकूस नाही. तीन महिन्यांत कळलं की आहे. अधिकाऱ्यांचे क्वार्टर वर टेकडीकडे, आमचे खाली नाल्याकडे. मराठी मंडळाच्या गणपतीला मी गेले तेव्हा एका बाईने आधी विचारलं, “कुठल्या तुम्ही?” मग विचारलं, “म्हणजे कोण?” मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “बसा ना, बसा.” आणि स्वतः उठून दुसरीकडे बसल्या.

मूल झालं नाही. नवरा आजारी पडून गेला. त्याच्या जागी मला अनुकंपेवर घेतलं, सफाईत. ड्यूटी लागली लायब्ररीत.

लायब्ररी म्हणजे एक मोठा हॉल. हिंदी पुस्तकं, इंग्रजी पुस्तकं आणि मराठी लोकांनी मागणी करून मिळवलेली मराठीची तीन कपाटं. त्यांतलं एक काचेचं. त्याला सगळे शिफारशीचं कपाट म्हणायचे. त्यात विद्यापीठांनी छापलेली पुस्तकं होती. जाड, कापडी बांधणीची. प्रत्येकाच्या आत एक चिठ्ठी चिकटवलेली: शाळांसाठी आणि सार्वजनिक ग्रंथालयांसाठी उपयुक्त. कुठल्याशा समितीने निवडलेली होती ती. पुस्तकं घरी द्यायची नव्हती. तिथेच बसून वाचायची. पण काच उघडायला किल्ली लागायची आणि किल्ली मागणारं कुणी मी पाहिलं नाही. बाहेरचे पाहुणे आले की साहेब त्यांना त्या काचेपाशी उभं करायचे.

सोमवारी लायब्ररी बंद असायची. तो पुसायचा दिवस. दुबेजी काच उघडून द्यायचे. पहिल्या सोमवारीच साहेबांनी मला कपाटासमोर उभं करून सांगितलं, “कोरडं फडकं घ्यायचं. एक एक पुस्तक काढायचं, वरून पुसायचं, परत ठेवायचं. पुसायचं, उघडायचं नाही. कळलं?”

“कळलं, साहेब.”

कळलं होतं. आमच्या गावात विहिरीच्या काठावरची घाण माझी आई काढायची. काठ झाडायचा, पण पोहरा आत सोडायचा नाही. अशा गोष्टी मला एकदा सांगितल्या की कळतात.

सात वर्षं मी ती पुस्तकं वरून पुसली. आठव्या वर्षी एक नवं आलं. वर पायऱ्यांच्या बारवेचं चित्र. आमच्या बाजूच्या जुन्या विहिरी आणि पाणवठे, असं काहीसं नाव. मी फडकं थांबवलं. इकडे तिकडे बघितलं. दुबेजी जेवायला घरी गेले होते. मी पुस्तक उघडलं.

पहिल्या पानांवर गावांची यादी होती. मी बोट ठेवून खाली खाली गेले. बोरदरा. पान एकशे बारा.

माझं गाव. छापलेलं. भोपाळमध्ये.

एकशे बारा काढायला गेले तर पान उघडेना. पानं एकमेकांना जोडलेली होती. काही वरच्या कडेला, काही बाजूने. उशीचा अभ्रा असतो तसा, एकीकडूनच उघडा. मी खालून बोट घालून फट केली, डोळा लावला. आत अंधार आणि उलटसुलट ओळी. एक शब्द लागला, विहीर. पुढचं दुमडीत गेलेलं.

दुबेजी आल्यावर मी विचारलं, “दुबेजी, इसके पन्ने जुड़े हुए हैं।”

ते दचकले. “तुमने खोली?”

“गिर गई थी, खुल गई।”

“ऐसे ही आती हैं ये किताबें। जिसको पढ़ना हो वो काट के पढ़े। तुम मत छूना, बाई। साहब मेरी जान खा जाएँगे।”

जिसको पढ़ना हो वो काट के पढ़े. हे वाक्य मी लक्षात ठेवलं.

मग मी बाकीची पुस्तकं बघायला लागले. फडकं फिरवताना अंगठ्याने कडा चाचपायची. जवळजवळ सगळ्यांची पानं जोडलेली. वर्षानुवर्षं मी ज्यांची धूळ काढत होते, ती पुस्तकं छापखान्यातून निघाल्यापासून कुणी उघडलीच नव्हती.

त्या वर्षीच्या वार्षिक कार्यक्रमात साहेबांनी भाषण केलं. साहेब पुण्याचे, मोठे इंजिनियर. बोलणं एकदम शुद्ध. त्यांनी तेच बारवेचं पुस्तक हातात उंच धरलं आणि म्हणाले, “हे पुस्तक मी एका बैठकीत वाचून काढलं. अशी पुस्तकं प्रत्येक शाळेत हवीत, प्रत्येक वाचनालयात हवीत.” टाळ्या पडल्या. मी मागे खुर्च्या लावत होते. मला वाटलं, साहेबांकडे दुसरी प्रत असेल. खरंच वाटलं. तेवढी मी भोळी होते.

पुढे बरेच महिने दर सोमवारी ते पुस्तक माझ्या हातात यायचं. एकशे बारावं पान माझ्या हातात असायचं आणि दिसायचं नाही. बोलायला कुणी नव्हतं. घरी जाऊन कुणाला सांगू? भिंतीला? टाउनशिपमध्ये शेजारणी होत्या, पण त्यांच्याशी बोलणं म्हणजे नळ आला का, गॅस आला का. गावाकडची माणसं मेली होती किंवा मुंबईला गेली होती. माझं गाव आता फक्त माझ्या डोक्यात होतं आणि त्या बंद पानात.

शेवटी मी ब्लेड आणलं.

कारखान्यात लोखंड कापायच्या करवतीचं पातं तुटलं की कामगार त्याचा तुकडा घासून धार काढायचे आणि घरी न्यायचे. मुठीला काळी टेप गुंडाळायची. प्रत्येक क्वार्टरमध्ये अशी एक तरी सुरी असायची. माझ्याकडची नवऱ्याने केलेली. त्याने केलेली तेवढीच वस्तू घरात उरली होती.

सोमवार होता. दुबेजी जेवायला गेले. मी हात साबणाने धुतले, पदराला पुसले, वाळू दिले. खुर्चीवर बसले. त्या हॉलमधल्या खुर्चीवर मी पहिल्यांदा बसले. पातं दुमडीत घातलं आणि हळूच पुढे नेलं. जुनं फडकं हळूच फाडावं तसा आवाज. कागदाचा थोडा भुसा मांडीवर पडला. मी सुरुवातीपासून कापत गेले. अधूनमधून कापणं बरं दिसलं नसतं. पुरं पुस्तक कापायला पाच सोमवार लागले.

एकशे बारा दुसऱ्याच सोमवारी आलं. दीड पान होतं. मी सावकाश वाचलं, ओठ हलवत. बोरदऱ्यात तीन विहिरी आहेत, असं लिहिलं होतं. पाटलाची, देवळाची आणि पेठेची. कुणी बांधल्या, दगड कुठला, पायऱ्या किती. आणि लिहिलं होतं की गावाला पाण्याची वाण कधी पडली नाही.

मी ते तीनदा वाचलं. वाटलं, पुढच्या पानावर असेल. पुढच्या पानावर दुसरं गाव होतं.

त्या तिन्ही विहिरींचं पाणी आम्हाला नव्हतं. आम्ही नदीच्या वाळूत झिरा उकरायचो. उन्हाळ्यात कोपरभर, मग खांद्यापर्यंत हात घालून. वाळू सारखी ढासळायची. वाटीवाटीने पाणी भरायचं. हंडा भरायला सकाळ जायची. माझी नखं लहानपणी कधी वाढली नाहीत, वाळूने झिजायची. आणि आई देवळाच्या विहिरीजवळ रिकामा हंडा घेऊन उभी राहायची, कुणाला दया आली तर वरून ओतेल म्हणून. मी तिच्याबरोबर उभी असायची. कधी ओतायचे. कधी नाही.

लिहिणारा माणूस गावात आला असेल. तीन विहिरींपाशी त्याला नेलं असेल. नदीकडे कुणी नेलं नसेल. त्याने विचारलंही नसेल.

मी पुस्तक पुसलं, जागेवर ठेवलं. उरलेले तीन सोमवार उरलेलं पुस्तक कापलं आणि वाचलं. बाकीच्या गावांत तरी कुठे झिरा आहे का ते बघायला. नव्हता.

पुढे पंधरा दिवसांनी तो दिवस आला. टाउनशिपच्या शाळेला आपल्या लायब्ररीत असंच शिफारशीचं कपाट करायचं होतं. म्हणून हेडमास्तर आणि मास्तर लोक बघायला आलेले. साहेबांनी काच उघडली. नेमकं तेच पुस्तक काढलं. हेडमास्तरांना देता देता त्यांचं बोट कडेवरून फिरलं. कड खडबडीत होती.

“हे काय?” साहेब म्हणाले. “कुणीतरी फाडलंय हे. सगळं पुस्तक खराब केलंय.”

दुबेजी म्हणाले, “साहब, मुझे कुछ नहीं मालूम।”

मी ट्रे घेऊन दारातून येत होते. म्हटलं, “मी कापलं, साहेब. पानं जोडलेली होती.”

“कापलं? कशाने?”

मी ट्रे ठेवला. ब्लेड माझ्या पिशवीत असायचं. काढून टेबलावर ठेवलं.

साहेबांच्या मिसेस म्हणाल्या, “अगंबाई, ही तर भाजी चिरायची.”

“पुस्तकाची भाजी केली हो बाईने,” मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. हेडमास्तरही हसले.

“हात दाखव,” साहेब म्हणाले.

मी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी हात न लावता, वाकून बघितले. तळवे, नखं.

“ह्या हातांनी? झाडू मारायचा आणि त्याच हातांनी विद्यापीठाच्या पुस्तकाला सुरी लावायची? अगं, ही पुस्तकं कशासाठी असतात, कळतं तरी का तुला?”

“शाळांसाठी आणि सार्वजनिक ग्रंथालयांसाठी,” मी म्हटलं. आत चिठ्ठीवर तसंच होतं.

साहेबांना वाटलं मी चेष्टा करते आहे. “बघा, बघा, तोंड वर करून बोलतेय. दुबे, लिहा माफीनामा.”

दुबेजींनी लिहिला. त्यांना ठाऊक होतं की ही पुस्तकं कापूनच वाचायची असतात. त्यांनी स्वतः मला सांगितलं होतं. लिहिताना त्यांनी वर बघितलं नाही. मग साहेबांनी माझं मनगट धरलं. हात बघताना हात लावला नव्हता. अंगठ्यासाठी लावला.

अंगठा गादीवरून कागदाकडे निघाला. बोटभर अंतर असेल. मला नोकरी हवी होती. क्वार्टर त्या नोकरीवर होतं. आणि खरं सांगायचं तर तो हॉल हवा होता, ते सोमवार हवे होते. दुसरं माझ्याकडे काही नव्हतं. अंगठा लावला असता तर ते सगळं राहिलं असतं. उद्या परत फडकं, परत वरून पुसणं.

मला आई दिसली. रिकामा हंडा घेऊन उभी. आणि मला तिचा राग आला. आयुष्यात पहिल्यांदा. त्यांचा यायचा तो येतच होता, तिचाही आला. का उभी राहिलीस?

मी हात ओढून घेतला. जोरात. शाईचा पट्टा साहेबांच्या पांढऱ्या बाहीवर गेला. पदर सावरला. दुबेजींच्या हातातलं पेन घेतलं. माफीनाम्याच्या खाली जागा होती, तिथे मराठीत लिहिलं: ‘पानं जोडलेली होती. मी कापली. मला माझ्या गावाचं वाचायचं होतं.’ आणि खाली पूर्ण नाव. माझं, नवऱ्याचं, आडनावासकट. अक्षर वाकडं आलं, पण वाचता येईल असं.

पेन दुबेजींना परत दिलं.

“साहेब,” मी म्हटलं, “मागच्या कार्यक्रमात तुम्ही म्हणालात हे पुस्तक तुम्ही वाचलं. पानं तर जोडलेली होती. कुठून वाचलंत?”

साहेबांचे कान लाल झाले. “माझ्याकडे... वेगळी प्रत...” असं काहीतरी म्हणाले.

काच उघडीच होती. मी एक पुस्तक काढलं, पानं धरून दाखवली. जोडलेली. दुसरं काढलं. जोडलेली. तिसरं. मग हेडमास्तर पुढे झाले. त्यांनी चौथं स्वतः काढलं, उघडायला गेले. उघडेना. त्यांनी ते माझ्याकडे न बघता परत ठेवलं.

साहेबांच्या मिसेस म्हणाल्या, “चला, चहा गार होतोय.”

आणि सगळे चहा प्यायले. तो चहा मी केलेला होता.

मी ब्लेड उचललं, पिशवीत टाकलं आणि निघाले. चांगलं बोललीस असं कुणी म्हटलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. दुसऱ्या दिवशी ऑर्डर निघाली. लायब्ररीतून बदली, गेस्ट हाऊसच्या मोऱ्या आणि संडास. कारण लिहिलं होतं, पुस्तकाचं नुकसान. रिटायर होईपर्यंत मी तेच केलं. लायब्ररीची मेंबर व्हायला फॉर्म भरला, तर आमच्यासारख्यांच्या फॉर्मवर अधिकाऱ्याची सही लागायची. मी सहा दारं वाजवली. कुणी कुत्रा सोडला नाही एवढंच. मंडळाच्या बायका मला बघून रस्ता बदलायच्या. आधी मी त्यांना दिसत नव्हते. आता दिसायला लागले होते.

त्या वर्षांत मी कधी कधी सबंध आठवडा कुणाशी बोलत नसे. पाच-सहा दिवस झाले की स्वतःचाच आवाज ऐकायला म्हणून क्वार्टरमध्ये मोठ्याने गावांची यादी म्हणायची. पाठ झाली होती. रडायची नाही. रडायला समोर कुणीतरी लागतं.

एकदा, रिटायर झाल्यावर, दुबेजी जवाहर चौकात भेटले. तेही रिटायर झालेले. हातात भाजीची पिशवी. म्हणाले, “बाई, आपने उस दिन ठीक किया था।”

मी म्हटलं, “तब बोलना था।”

ते उभे राहिले. मी पुढे गेले. मला वाईट वाटलं नाही.

आता मी अशोका गार्डनला एका खोलीत राहते. मागे रेल्वे लाईन आहे. गाडी गेली की भांडी वाजतात, तेवढीच सोबत. मागच्या साली मी शहरातल्या सार्वजनिक लायब्ररीत गेले. तिथे मेंबर व्हायला कुणाची सही लागली नाही, फक्त पत्ता लागला. मी काउंटरवरच्या मुलीला पुस्तकाचं नाव सांगितलं. ती शोधायला गेली, बऱ्याच वेळाने आली. फुंकर मारून धूळ उडवली. तीच बारव, आत तीच चिठ्ठी. कडा चाचपल्या. बंद.

“ये काटना पड़ेगा,” मी म्हटलं.

ती म्हणाली, “तो काट लीजिए न अम्मा, किताब ही तो है।”

एवढंच. एवढंच बोलायचं होतं त्या दिवशी कुणीतरी.

मी बसले आणि कापलं. एकशे बारावर आले. तीन विहिरी. पाण्याची वाण कधी पडली नाही.

त्या विद्यापीठाला मी दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. येणार नाही. पुस्तक चांगलं आहे, असं मी आजही म्हणते. मेहनतीने लिहिलेलं आहे. शाळांत असावं, वाचनालयांत असावं. असणारच आहे. पोरं तेच वाचतील, तीन विहिरी पाठ करतील आणि त्यांना वाटेल की गावात सगळ्यांनी पाणी प्यायलं.

म्हणून मी एक चिठ्ठी लिहिली आणि खळीने एकशे बाराव्या पानाला चिकटवली. परवानगी मागितली नाही. ती मुलगी बघत होती. तिने अडवलं नाही. शाहपुऱ्याच्या एका शाळेत दुसरी प्रत निघाली. तिथे शिपाई अडवत होता, मी बसून राहिले, शाळा सुटेपर्यंत. तिथेही चिकटवली. जिथे जिथे ते पुस्तक आहे असं कळेल, तिथे मी जाणार आहे. पाय दुखतात. जाणार आहे. टाउनशिपची प्रत राहिली आहे. ते काचेचं कपाट अजून असेल, किल्लीही कुणाकडे तरी असेल. ती मी मागणार आहे. नाही दिली तर उद्या परत जाऊन मागणार आहे. पिशवीतलं ब्लेड बाहेर काढून टेबलावर ठेवणार आहे, सगळ्यांना दिसेल असं.

चिठ्ठीवर एवढंच लिहिते:

बोरदऱ्यात चौथं पाणी होतं. नदीच्या वाळूतला झिरा. तो हातांनी उकरावा लागायचा. लग्न होईपर्यंत मी तेच पाणी प्यायले.

खाली सही करते. पूर्ण नाव.